जमावाचं वाक्य

झावळ्यांच्या रविवारी लुत्स्यान आपली झावळी घेऊन एकटाच आला. पाइनच्या कोवळ्या खोडाला हिरवी वेल गुंडाळलेली, त्यात क्रेप कागदाची फुलं खोवलेली, उंची चर्चच्या खिडक्यांना भिडेल एवढी. असली झावळी उचलायला तीन माणसं लागतात. गावातल्या प्रत्येक घराच्या झावळीला तेवढे खांदे होते. लुत्स्याननं बुंधा खांद्यावर घेतला होता आणि शेंडा मागे वितळत्या बर्फातून फरपटत येत होता.

"आला बघ," सेवेरीना बोग्नाच्या कानाशी पुटपुटली. "वर झावळी मिरवत. तुझ्या भावाला खाऊन बसला तरी."



मागच्या वसंतात नदी गावात शिरली, तेव्हा याच लुत्स्याननं नावेतून निम्मं गाव बाहेर काढलं होतं. चर्चच्या याच आवारात लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं आणि बोग्नानं सगळ्यांदेखत त्याचं कपाळ चुंबलं होतं. मग हिवाळ्यात तिच्या भावाचं, फेलेकचं घर पेटलं. बंब लुत्स्यान चालवत होता. तो वाटेत बर्फात रुतला. पोचला तेव्हा छप्पर खाली आलं होतं आणि फेलेक आत होता. मातीच्या वेळी बोग्नाच्या तोंडून एवढंच निघालं, "प्यायला असेल." दुसऱ्या दिवशी ते वाक्य गावात फिरताना त्यातलं 'असेल' गळून पडलेलं होतं. पोलिसांच्या तपासणीत रक्तात दारूचा थेंब निघाला नाही, पण तोवर ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

फादर आन्झेल्मनी झावळ्यांवर तीर्थ शिंपडलं. होसान्ना गात मिरवणूक चर्चमध्ये शिरली. झावळ्या भिंतींना टेकल्या, लोक बाकांत दाटीवाटीनं उभे राहिले. लुत्स्यान दाराशीच थांबला. त्याच्या बाकात जागा होती, पण ती कुणी सरकून केलेली नव्हती.

मग येशूच्या दुःखसहनाचं वाचन सुरू झालं. येशूची वाक्यं फादरांनी म्हणायची, निवाडा करणाऱ्या पिलाताची ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं, आणि जमावाची सगळ्यांनी. जमावाला आवाज द्यायचं काम कित्येक वर्षं बोग्नाकडे होतं. तिनं पहिला शब्द उचलायचा, मग सगळ्या चर्चनं.

"बरब्बास की येशू, या दोघांपैकी कुणाला सोडू?" पिलातानं विचारलं.

"बरब्बासला," बोग्ना म्हणाली, आणि सगळं चर्च म्हणालं.

"मग येशूचं मी काय करू?"

पुढचं वाक्य तिला कागद न बघता येत होतं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खोकलं. कोरडा, छाती खरवडणारा खोकला. फेलेकला शोधायला लुत्स्यान दोनदा आत घुसला होता, तेव्हा धुरानं लागलेला. तो खोकला बोग्नानं रस्त्यात, दुकानात, कितीदातरी ऐकला होता आणि ऐकून ती पलीकडच्या बाजूनं गेली होती.

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

लोक थांबले. फादरांनी मान वर केली. कुणीतरी बूट सरकवला. ऑर्गनवाल्याला वाटलं, ऐकू गेलं नसावं. त्यानं पुन्हा विचारलं, "मग येशूचं मी काय करू?"

"त्याला क्रुसावर चढवा," मागून लुत्स्यान म्हणाला.

आवाज चढवून नाही. अडलेल्या माणसाला हात द्यावा, तसं. मग सगळ्या चर्चनं एकदम ते वाक्य उचललं, दर वर्षीपेक्षा मोठ्यानं, सुटका झाल्यासारखं. वाचन पुढे गेलं. बोग्ना उरलेला वेळ पुढच्या बाकाची कड धरून उभी होती.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर आवारात ज्यानं त्यानं आपापल्या झावळ्या उचलल्या. कुणाची उंच, कुणाची देखणी, यावर हसणं-खिदळणं चाललं होतं. लुत्स्याननं बुंधा खांद्यावर घेतला आणि तो फाटकाकडे निघाला. बोग्ना त्याच्या मागे चालू लागली.

सेवेरीनानं तिची बाही धरली. "कुठे निघालीस? सगळे बघतायत."

बोग्नानं बाही सोडवून घेतली. वाकून तिनं झावळीचा शेंडा चिखलातून उचलला आणि खांद्यावर घेतला. वाटला होता त्याहून जड होता.

ओझं हलकं झालं तसा लुत्स्यान थांबला. वळून त्यानं पाहिलं.

"तू होय."

"शेंडा भिजतोय," बोग्ना म्हणाली. तिला दुसरंच काही म्हणायचं होतं.

"तो केव्हाच भिजलाय."

तो पुन्हा चालायला लागला. आवारातलं बोलणं एकेक करून बंद पडलं. मग पुढूनच, मान न वळवता, त्यानं विचारलं, "बोग्ना, आज रविवार आहे. आज झावळी सगळेच धरतात. शुक्रवारी, क्रुसाच्या दिवशी, कुठे असशील?"

ती पावलाला पाऊल जुळवत राहिली. फाटकापाशी माणसं दोन्हीकडे बाजूला झाली. वाट देण्यासाठी, की अंग चोरण्यासाठी, ते बोग्नाला कळलं नाही.