पूर्ण वाक्य

पुस्तकबांधणी करणाऱ्या त्या अडखळत बोलणाऱ्या गृहस्थाशीच विवाह करीन, हा निश्चय तिने सांगितला मात्र, आणि वकील असलेल्या थोरल्या भावाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“अगं, एक वाक्य धड पुरं करता येत नाही त्याला! कशाला भुललीस?”

“दादा, तो माझं—”

“दया आली असेल. दुसरं काय!”

“दया नाही रे. मी बोलताना तो—”

“मग हट्ट! लहानपणापासून तुझं हे असंच.”

तिने शांतपणे चपला पायांत सरकवल्या, दार उघडले आणि आयुष्यात प्रथमच त्याच्या आवाजावर आवाज चढवला.

“दादा, तो माझं बोलणं संपेपर्यंत थांबतो!”

“पण—” एवढे दादा म्हणतो आहे, तोवर ती जिना उतरूनही गेली होती.