येतो आम्ही

"येतो आम्ही," उज्ज्वल म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

समोरची निधी आनंदाने ओरडलीच. "खरंच?" तिने टेबलाला वळसा घालून नीलमला कडकडून मिठी मारली. नीलम गोंधळून नवऱ्याकडे बघत राहिली. बहरीनच्या सीफ भागातल्या त्या हॉटेलात नर्सेसच्या भरतीसाठी जमलेले लोक माना वळवून बघू लागले. निधीने तेवढ्यात फोन काढून कुणाला तरी इंग्रजीत कळवूनही टाकलं, की एक कुटुंब येतंय.

गंमत अशी की येण्याचं कुणीच ठरवलं नव्हतं. उलट न येण्याचं गाडीतच ठरून गेलं होतं. नीलम गजभिये डायलिसिसची नर्स. बहरीनमधलं तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, आणि इथला नियम साधा : नोकरी खलास, तर व्हिसा खलास. उज्ज्वलचंही तेच, आज ना उद्या. पुण्याला परतायचं की आणखी कुठे जायचं, यावर घरात रोज खल चालू होता. अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा नीलम केव्हाच पास झालेली, म्हणून तिला हे बोलावणं आलं होतं. "ऐकून घेऊ, चहा पिऊ, की यल्ला, चला घरी," असं उज्ज्वलने बजावूनच तिला आणलं होतं.

निधी ज्या शहरासाठी नर्सेस शोधायला आली होती ते अमेरिकेत, अ‍ॅपलेशियन डोंगरांत. शहर आपलं म्हणायचं म्हणून. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तरणी मुलं निघून गेली, घरांना कुलपं लागली. आता उरलेल्यांनी चंग बांधलाय की नवी माणसं आणायचीच. बाकीच्या टेबलांमागे मोठमोठ्या शहरांची चकचकीत चित्रं झळकत होती. निधीच्या टेबलावर तिच्या गावातल्या कुणा म्हातारीने केलेला सफरचंदाचा मुरंबा आणि बिस्किटं. आणि ही पोरगी तरी कशी, आधी सगळं उणंच सांगत सुटलेली. ती जन्मली तिथेच, वाढली तिथेच. मराठी आईबापांकडून उचललेलं, जरासं अडखळणारं, पण गोड.

"बर्फ खूप पडतो. हॉस्पिटल लहान आहे. कोथिंबीर आणायला दोन तास गाडी चालवावी लागते," ती म्हणाली. "पण नर्सच्या पगारात स्वतःचं घर होतं, काकू. अंगणासकट."

"मी एसी दुरुस्त करतो, इथल्या सखीरच्या युनिव्हर्सिटीत," उज्ज्वल म्हणाला. "बर्फात माझं काय काम बापा?"

"तिथे हीटर बिघडतात, काका. आणि ते दुरुस्त करणारा माणूस गाव सोडून गेला."

उज्ज्वलला हसू आवरेना. पोरगी दोघांनाही आवडली. पण पोरगी आवडली म्हणून कुणी सातासमुद्रापार बिऱ्हाड हलवत नाही.

"आमचं आडनाव गजभिये," नीलमने मध्येच सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं. पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की मालक आधी आडनाव विचारत, आणि मग ते घर नेमकं कालच गेलेलं असे. तेव्हापासून आपणच आधी सांगून मोकळं व्हायची तिची सवय.

निधीने लगेच पेन उचललं. "स्पेलिंग सांगा ना. नव्या लोकांना दारावरची पाटी गाव करून देतं. मागच्या वेळी एकांचं नाव चुकलं, फार वाईट वाटलं सगळ्यांना."

नीलमने एकेक अक्षर सांगितलं. निधीने लिहिलेलं तिने पुन्हा वाचूनही पाहिलं, पण ठरलं ते ठरलं होतं. चहा संपला. उज्ज्वलने खूण केली, उठला, सवयीने म्हणायचं ते म्हणाला आणि हा सगळा घोटाळा झाला.

"निधी, ऐक बेटा," तो आता कानकोंडा होऊन म्हणाला. "मी येतो म्हणालो, म्हणजे आम्ही निघतो. आमच्या घरी. निघताना 'जातो' नाही म्हणत आपल्यात, बरं नाही वाटत. म्हणून 'येतो' म्हणायचं."

निधीला ते पटेना. "पण बाबा रोज सकाळी येतो म्हणायचे," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी यायचेच."

"ते घरचे गं," नीलम म्हणाली. "पण पाहुणेही तसंच म्हणतात. तुमच्याकडचे पाहुणे उठताना काय म्हणायचे?"

निधीने खरोखरच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यासारखं.

"आमच्याकडे मराठी पाहुणे कधी आलेच नाहीत, काकू," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून आईला मराठी बोलायला मी एकटीच आहे."

मग ती घाईघाईने हसली. "सॉरी काका, चूक माझीच. मी गावच्या लोकांना कळवते आत्ता. रागावणार नाहीत ते." आणि तिने फोन पुन्हा हातात घेतला.

आजवर घरं नीलमने मागितली होती, लोकांच्या दारात उभं राहून, हसरा चेहरा करून. कुणी आपल्याला 'या' म्हणण्यासाठी एवढ्या लांब आलेलं तिने पाहिलं नव्हतं. पोरीचं कौतुक वाटावं की दया यावी, तिला कळेना. उज्ज्वल गाडीची किल्ली काढून दाराकडे निघालासुद्धा होता.

नीलम परत खुर्चीत बसली.

"तो फोन राहू दे," ती निधीला म्हणाली. "आधी तुझ्या आईला लाव. विचार तिला, तुमच्या शेजारी एखादं घर रिकामं आहे काय."