उसनी पाळी

“तुझ्यापुढं किती जण आहेत?” काकडी कराकरा चावत जीवराम आबांनी सुनेला विचारलं.

“एकेचाळीस,” चारुलता म्हणाली. “आपला नंबर गुरुवारी, आबा.”

आज शुक्रवार. केळीची पाच हजार नवी रोपं सोमवारी अंगणात उतरणार होती. जुन्या बागेच्या पानांवर पिवळे पट्टे पडले होते. रोग येतो कुठून, हे कळल्याशिवाय नवी रोपं लावणं म्हणजे तान्हं लेकरू आजाऱ्याच्या मांडीवर देणं. चारुलता जळगावच्या कॉलेजात विषाणूंवर काम करायची. केळीतला विषाणू तिनं वेगळा काढला होता. आता तो खानदेशभरच्या पिकांतल्या विषाणूंशी जुळवून बघायचा होता. एवढं गणित लॅपटॉपला झेपेना. त्यासाठी पुण्यात एक दांडगा संगणक होता. सगळ्या संशोधकांत मिळून एकच.

“मंजे सामाईक विहीर,” आबा म्हणाले.

असोद्यात तीस वर्षं विहिरीच्या पाळ्या त्यांनीच लावल्या. त्यांच्या शिट्टीनं पाणी चढावरसुद्धा वळायचं, असं सांगतात. सांगणारे अर्थात आबाच.

चारुलता चहा टाकायला आत गेली. आबांनी तिचा मोबाइल उचलला आणि संशोधकांच्या ग्रुपवर आवाजी निरोप सोडला. “रामराम. असोद्याहून जीवराम बोलतो. सुनेची केळी अडली. ज्याचं पीक गुरुवारपर्यंत तगीन, त्यानं पाळी उसनी द्या. पोतंभर काकड्यांसकट परत करीन. घरच्या आहेत.”

बाहेर येत चारुलतानं कपाळाला हात लावला. “आबा! तिथं मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत!”

“मंग त्याह्यले तहान कळत नाही का?”

कळत होती. धुळ्यात काकडीसारख्या वेलांच्या रोगांवर काम करणारी दिपमाला, मूळची पिंपळनेरची. तिची पाळी त्याच दुपारी होती. ती तिनं देऊन टाकली.

रविवारी सकाळी गणित सुटलं. निकाल चारुलताबरोबर दिपमालालाही गेला. आबांनी तोवर पोतं भरून तोंडही शिवलं होतं. उरलेली एक काकडी ते खात बसले, तोच दिपमालाचा फोन आला.

“आबा, पाळी परत नको. मनं बी काम व्हयी गयं. तुमनी केळीमा जो विषाणू शे, तोच मनी काकडीमा शे. आते सांगा, केळीजोडे काकडी कोनी लायेल शे?”

आबांचं चावणं थांबलं. समोर केळीच्या बांधावर त्यांनीच लावलेले काकडीचे अकरा वेल डोलत होते.

“पोरी,” घास गिळून आबा म्हणाले, “पोतं मोठं घेतो. वेलांसकट पाठवतो.”