मोहाखालचा जाळ

फुलं चटकन दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळायचा, ही पारबताच्या गावची जुनी रीत. यंदा तिनं काडी लावली आणि नेमका वारा सुटला. नाल्यापर्यंतचं सगळं गवत राख झालं.

त्याला आठवडा झाला. आज उजाडताच ती धाकट्या जावेला, सायत्राला घेऊन फुलं वेचायला आली होती. काळ्या भुईवर पिवळी फुलं लख्ख दिसत होती. दोघी उकिडव्या बसून टोपल्या भरू लागल्या.

"आज चितळं दिसून नाही राहिले, बाई," सायत्रा म्हणाली. "एरवी आपल्याआधी हजर राहते."

"गवतच नाही, तर का राख चाटाले येतीन?" पारबता हसली आणि पुढच्या फुलाकडे हात नेला. तो तिथेच थिजला.

राखेत वाघाचं पाऊल उमटलं होतं. त्याखाली चिरडलेलं फूल अजून ओलं होतं.

उन्हावर गवत जगतं, गवतावर चितळं आणि चितळांवर हा. गवत तिनं जाळलं, चितळं निघून गेली. हा मात्र इथेच राहिला होता, उपाशी.

तिनं सायत्राकडे पाहिलं. पाठ वाकवून, मान खाली घालून ती हळूहळू पुढे सरकत होती. लांबून चितळच वाटली असती.

"सायत्रे, उभी राह्य. ताठ."

"काहून, बाई?"

पारबता कान लावून ऐकत होती. वाघ चालला की पाचोळा वाजतो, हे त्यांच्याकडे लहान पोरींनाही ठाऊक असतं. आज काहीच वाजत नव्हतं. वाजायला तिनं पाचोळा ठेवलाच नव्हता.