बाटलीतली तांबी
"मावशी, रिपोर्ट आला. कॅन्सर नाही तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक छोटी बाटली टेबलावर ठेवली. आत काळी पडलेली तांबी होती. "मूल होऊ नये म्हणून बसवलेली ही तांबी वीस वर्षं आतच राहिली. तिच्यामुळं इन्फेक्शन झालं आणि अंडाशयाजवळ गाठ धरली. असं क्वचितच होतं, पण दिसतं अगदी कॅन्सरसारखं. सहा महिने गोळ्या घ्या, बऱ्या व्हाल. पण ही वेळेवर काढून का नाही घेतलीत?" महानंदा खाली बघत म्हणाली, "काढायची म्हणलं, त्याच साली मालक वारले की. नवरा नसलेली बाई तांबीसाठी दवाखान्यात गेली, तर गल्लीत काय काय बोलले असते!" बाटली पदराच्या टोकात बांधून ती बाहेर बाकावर येऊन बसली. एक वाजला आणि फोन आला. पुण्याचा मुलगा पूर्वी सणावारीच फोन करायचा. पोटात गाठ असल्याचं कळल्यापासून मात्र तो रोज, टॉवेलच्या कारखान्यातली तिची जेवणाची सुट्टी बघून, न चुकता करत होता. "अव्वा, जेवलीस का?" "जेवले की. तू जेवलास?" "व्हय. रिपोर्ट आला का गं?" पदराची गाठ तिनं मुठीत घट्ट धरली. "न्हाय रे," ती म्हणाली, "अजून आठ दिवस तरी लागतील म्हणं."