पंचेचाळीस वॅटची भूक

पडदा उजळला, आत काहीतरी घरघरलं, इंग्रजी अक्षरांची एक ओळ सरकली आणि सगळं विझलं. रंभाजीनं घड्याळात पाहिलं. बारा सेकंद. काल अकरा होते.

"झाली का पूजा?" भागिरथी आतून चहा घेऊन आली. "ते डबडं भंगारवाल्याच्या पोत्यात घाला एकदाचं. न्हाई हुयाचं तुमच्याच्यानं."

रंभाजीनं बायकोकडं न बघताच कप घेतला. तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागत होतं. तेही काष्टीत, जिथं त्याच्या हातची जोडणी नसलेलं घर शोधावं लागलं असतं.

डबडं म्हणजे पुण्याच्या मुलानं, संदीपनं पाठवलेला जुना लॅपटॉप. वजनाला पाटा, रंगाला राख. सोबत चिठ्ठी होती: बाबा, सात वर्षांचं मशीन आहे, बॅटरी गेलीय, अडॅप्टर हरवलाय, इथं तिघांनी हात टेकले. आता तुम्हीच बघा.

चिठ्ठी आली तेव्हा रंभाजी भिंतीकडं तोंड करून पडला होता. खांबावरून पडून मोडलेली कंबर जुळली, पण नोकरी सुटली आणि वर्षभर माणूस बाजेवरून हलेना. असंच पडून राहिलात तर पाय चालायचं विसरतील, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. दिवाळीत शेजारच्या चांगुणानं बिघडलेला रेडिओ आणून दिला. तो अर्ध्या दिवसात गायला लागला आणि दुसऱ्या दिवशी रंभाजीचं तोंड पुन्हा भिंतीकडं.

आता त्याच भिंतीवर खडूनं मोठ्ठं लिहिलं होतं: १५ व्होल्ट, ३ अँपिअर, ४५ वॅट. मशीनच्या पोटावरचं झिजलेलं लेबल त्यानं भिंग लावून वाचलं होतं. पुण्याच्या तिघांना जे जमलं नाही ते काष्टीत झालं पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. झालं तर तो अजून वायरमन होता. नाही झालं तर बाज होतीच.

नगरला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या भीमानं रंभाजीचा घरी जुळवलेला पहिला अडॅप्टर उलटा करून पाहिला आणि हसला.

"अण्णा, नुस्ते व्होल्ट जुळवून भागत न्हाई. ह्याची भूक पंचेचाळीसची, तुमी वाढताय तीस. उठून बसतंय आन् चक्कर येऊन पडतंय. मशीनच आना की हितं, समोरच लावून बघू."

मशीन मात्र रंभाजी नेणार नव्हता. दुसऱ्याच्या टेबलावर चालू झालं तर ते दुसऱ्याचं काम. त्यानं पंचेचाळीसचा अडॅप्टर गुंडाळायला सांगितला. त्यापायी दोन आठवड्यांत तीनदा यष्टीनं नगर झालं, तिन्ही वेळा दाढी करून, काठी टेकत.

पंचेचाळीसवर मशीन एकोणीस सेकंद जगलं. अडॅप्टरच्या तोंडाला मीटर लावलं तर पंधरा व्होल्टचे अकरा झालेले. रंभाजीनं पकड भिंतीवर फेकली. तेवढ्यात चहा आला. त्यानंच कधीकाळी बसवून दिलेल्या दोन हजार वॅटच्या शेगडीवर भागिरथीचा चहा बघता बघता व्हायचा.

"ह्या चहानं पित्त झालंय मला," तो खेकसला.

"मशीनचा राग चहावर काढू नका. किती वॅट कमी पडले म्हने?"

"बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं."

"व्हय, मला काय कळतंय," सातवी पास भागिरथी म्हणाली. "तीस वर्सं जेवताना दुसरं ऐकलंय काय मी?"

तिसरा अडॅप्टर साठ वॅटचा. भीमाच्या दुकानात त्यावर टेम्पोच्या इंडिकेटरचे दोन बल्ब लावले. बल्ब अर्धा तास एकसारखे जळत राहिले. भीमानं हात जोडले. ह्यावर नाही चाललं तर मशीनला बाहेरची बाधा आहे, म्हणाला.

घरी आल्यावर रंभाजीनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. आत भागिरथी साड्यांना इस्त्री करत होती. हे तिचं नवंच खूळ.

"कुनाच्या लग्नाला चाललीस?"

"मानसानं नीटनेटकं ऱ्हावं जरा. तुमी करा तुमचं."

त्यानं बटण दाबलं. घरघर, एक ओळ, दुसरी, तिसरी. अक्षरांची रांग पडद्यावर चढू लागली. तीस सेकंद. पस्तीस. डोक्यावरचा बल्ब जरा मावळला, पण गावात तो दिवसातून दहा वेळा मावळतो. चाळिसाव्या सेकंदाला पडदा काळा झाला.

तो बराच वेळ त्या काळ्या पडद्यात दिसणाऱ्या आपल्याच तोंडाकडं बघत बसला. भागिरथी दारात येऊन उभी राहिली.

"सांगितलं हुतं मी," ती म्हणाली. "न्हाई हुयाचं तुमच्याच्यानं."

रंभाजी ताडकन उठला. चपला पायात सारल्या, साठचा अडॅप्टर पिशवीत कोंबला.

"पाऊनशेचा आनतो. बघतोच कसं होत न्हाई ते." आणि तो तीनची गाडी गाठायला निघाला. काठी बाजेलाच टेकलेली राहिली.

तो वळणाआड गेल्यावर भागिरथीनं आत जाऊन शेगडीचं बटण बंद केलं. शेगडीवर भांडं नव्हतं. मग इस्त्रीची पिन काढली, पिठाच्या डब्यामागचं आंतर्देशीय पत्र घेतलं आणि अक्षर लावून लिहायला बसली.

"चि. संदीप यास अनेक आशीर्वाद. तुझे बाबा आत्ताच काठी न घेता नगरच्या गाडीला पळत गेले. साठ वॅटच्या अडॅप्टरवर मशीन बंद पाडण्याइतकं व्होल्टेज एकट्या शेगडीनं उतरेना, म्हणून चांगुणाची इस्त्री मागून आणली. आता पाऊणशेचा आणणार आहेत, त्याला काय लावायचं ते बघते. तू काढून ठेवलेला मशीनचा खरा अडॅप्टर कपाटातच राहू दे."