एक शीर

अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांची कुळं ओळखणं, हे माझं काम. त्यातली दोन कुळं इतकी सारखी दिसतात की भिंगाखाली पंखातली एक बारीकशी शीर शोधत बसावं लागतं. ती असली तर हे कूळ, नसली तर ते.

कामावरून घरी आले, तर सासूबाई माझ्या तान्हीला मांडीवर घेऊन बसलेल्या.

“माश्यांची कुळं झटक्यात ओळखतेस म्हणे. हिचं ओळख बघू!”

“नाक माझं,” मी हसत म्हटलं. “बाकी सगळा तुमच्याकडचा माल.”

“आणि ही?” त्यांनी तिच्या दोन भुवयांमधल्या निळसर शिरेवरून हलकेच बोट फिरवलं. “ही माझ्या धाकटीची. अगदी इथेच होती.”

माझं हसू ओठांवरच राहिलं. “धाकटी? पण तुम्हाला तर एकच मूल ना, आई?”

त्यांनी बोट चटकन मागे घेतलं. पोर माझ्या हातात दिली आणि दाराशी जाऊन, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “ती रडता रडताच गेली. हिला रडू देऊ नकोस गं. जराही नको.”